डोंगरावरची पाखरे आणि पायाशी चालणारा कुत्रा

उन्हाळ्याच्या सुट्टीत डोंगरावर जावयाचे म्हटले म्हणजे महाबळेश्वर, माथेरान, चिखलदरा ही नावे सुखवस्तू कुटुंबांच्या तोंडी सहज येतात. चिखलदऱ्याशी नावाने जवळीक सांगणारे चिखला हे गाव मात्र कोणाच्याही यादीत नसते. ते आहे भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्याच्या उत्तर भागात, सातपुड्याचे शेवटचे पदर जेथे सपाट भातखाचरांत उतरतात त्या बाजूला. तेथे थंड हवा नाही, सरोवर नाही, की पाहुण्यांसाठी बांधलेली टुमदार घरे नाहीत. वैशाखात उष्णतामापकाचा पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. गावाची ख्याती आहे ती जमिनीखालच्या मँगनीजसाठी. बालाघाट, भंडारा आणि नागपूर ह्या तीन जिल्ह्यांतून गेलेल्या मँगनीजच्या प्रख्यात पट्ट्यात चिखला मोडते. ह्या पट्ट्याचा सविस्तर अभ्यास भूगर्भशास्त्रज्ञ फर्मोर ह्यांनी १९०९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला आणि येथील एका विशिष्ट खडकास ह्या प्रदेशाच्या मूळ रहिवाशांवरून, म्हणजे गोंडांवरून, ‘गोंडाइट’ असे नाव दिले. साऱ्या जगाच्या खडकशास्त्रात ते नाव रूढ झाले आहे.

परंतु जमिनीच्या पोटात जशी एक संपत्ती आहे तशी तिच्या पाठीवरही एक आहे, आणि ती मोजण्यास खाणकामगार लागत नाही. पहाटे उठण्याची तयारी, एक बेताची दुर्बीण आणि पुष्कळसा धीर एवढे असले की पुरे. साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह आणि पळस ह्यांच्या रानाने झाकलेल्या ह्या टेकड्यांवर उन्हाळ्यात पक्ष्यांचा संसार ऐन भरात असतो. झाडांची पाने गळून गेलेली असल्यामुळे फांदीवरचे पाखरू दुरूनही स्पष्ट दिसते. पाण्याचे डबके एखादेच उरल्यामुळे सारी पाखरे तेथे आपण होऊन येतात. म्हणून पक्षिनिरीक्षणाच्या दृष्टीने हा कडक उन्हाळाच सुगीचा काळ होय.

आता शहरातील सुशिक्षित कुटुंबांत पक्षी पाहण्याची हौस वाढत आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. त्याचबरोबर घरोघर कुत्रा पाळण्याची हौसही वाढली आहे. ह्या दोन हौशींची गाठ पडली म्हणजे एक चित्र सहज तयार होते. पहाटेची वेळ, डोंगराची पायवाट, गळ्यात दुर्बीण अडकवलेला गृहस्थ, मागून मुले, आणि सर्वांच्या पुढे शेपटी उभारून धावणारा घरचा कुत्रा. चित्र मोठे मनोहर आहे. परंतु त्या पायवाटेच्या दोन्ही बाजूंना त्याच घटकेला काय घडत असते, हे त्या गृहस्थास बहुधा ठाऊक नसते. तेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम त्या डोंगरावर कोण कोण भेटते ते पाहू. उजाडण्यापूर्वी रातव्याची शेवटची हाक ऐकू येते. एखादी गोटी फरशीवर टाकावी, तिने टप् टप् करीत उसळ्या घ्याव्यात आणि दर उसळीस अंतर कमी होत जावे, तसा तो आवाज असतो. त्यानंतर कोतवाल जागा होतो. मग मोर ओरडतात. ऊन झाडांच्या शेंड्यांवर आले की तांबटाचा ठोका सुरू होतो आणि तो दुपारपर्यंत थांबत नाही. पावशा ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ असे बजावू लागतो; त्याचा हा उपदेश महाराष्ट्रातील शेतकऱ्याने पिढ्यान् पिढ्या ऐकलेला आहे. नाल्याच्या सावलीत स्वर्गीय नर्तकाचा नर आपली दोन शुभ्र, फितीसारखी लांब पिसे हेलकावीत एका फांदीवरून दुसरीवर जातो. जुन्या मराठीत त्यास बाणपाखरू असेही म्हणत. मे महिना संपत आला म्हणजे नवरंग येतो. दक्षिण भारतात आणि सिंहलद्वीपात हिवाळा काढून तो पावसाच्या तोंडावर ह्या मध्य भारतातील रानांत घरटे करण्यास परततो. त्याची दोन स्वरांची स्वच्छ शीळ विशेषेकरून सकाळी आणि सायंकाळी ऐकू येते. तामिळ भाषेत त्यास ‘सहा वाजताचा पक्षी’ अशा अर्थाचे नाव आहे.

ह्यांतील बहुतेक पाखरे झाडावर संसार थाटतात. राखी धनेशाची मादी तर झाडाच्या ढोलीत स्वतःला जवळजवळ लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढी फट ठेवते आणि नर तीतून तिला फळे भरवीत राहतो. अशा किल्ल्यात बसलेल्या मातेस कुत्र्याचे भय नाही. परंतु पाखरांचा एक मोठा वर्ग असा आहे की ज्याला झाड नाही, ढोली नाही, काडीचेही घरटे नाही. टिटवी, रातवा, तित्तिर, लावा, पखुर्डी ही पाखरे आपली अंडी उघड्या जमिनीवर किंवा एखाद्या झुडपाच्या बुडाशी घालतात, आणि त्यांतील पुष्कळांच्या विणीचा हंगाम नेमका ह्याच महिन्यांत येतो.

टिटवी सर्वांच्या ओळखीची आहे. मार्चपासून ऑगस्टपर्यंत केव्हाही ती खडेगोटे असलेल्या मोकळ्या जागी थोडासा खोलगट भाग करते, कडेला चार खडे मांडते आणि त्यात बहुधा चार अंडी घालते. अंड्यांची निमुळती टोके आतल्या अंगाला वळलेली असतात. रंग मातकट, वर काळपट ठिपके. पायाशी असूनही ती दिसत नाहीत. टिटवीने अंडी उंचावर घातली तर पाऊस भारी होणार आणि सखल जागी घातली तर अवर्षण पडणार, असा खेडोपाडीचा समज आहे. रातवा तर खड्डाही करीत नाही. वाळलेल्या पाचोळ्यावर दोन अंडी घातली की त्याचे घर पूर्ण झाले. त्याच्या पिसांचा रंग पाचोळ्याशी इतका एकजीव होतो की माणसाचे पाऊल वीतभर अंतरावर येईपर्यंत तो हलत नाही. न हलणे हेच त्याचे कवच.

आता ह्या कवचाचा उपयोग कोणाविरुद्ध होतो? डोळ्यांनी शोधणाऱ्याविरुद्ध. माणूस, ससाणा, कावळा हे सारे डोळ्यांनी शोधतात. कुत्रा शोधतो नाकाने. जे रूप डोळ्यांना फसवते ते नाकाला फसवीत नाही. निसर्गाने ह्या पाखरांना जी एक ढाल दिली, तिच्या मागच्या बाजूने कुत्रा सहज आत शिरतो, आणि तेही कोणताही दुष्ट हेतू मनात न धरता. तो केवळ हुंगत असतो.

पुष्कळदा कुत्र्याचा मालक म्हणतो, “आमचा कुत्रा अंडी खात नाही, पाखरू उडाले की तो परत येतो.” हे म्हणणे खरेही असेल. तथापि वैशाखाच्या डोंगरावर अंड्यांचा नाश होण्यास ती खाल्ली जाण्याची आवश्यकता नाही. ही गोष्ट नीट समजून घेण्याजोगी आहे.

पक्षी अंडी उबवतो म्हणजे त्यांना ऊब देतो, असे आपण बालपणापासून ऐकतो. हिवाळ्यात किंवा थंड देशात ते खरेच आहे. पण विदर्भाच्या मे महिन्यात उघड्या खडकाळ जमिनीचा तवा झालेला असतो. हवेचे तापमान ४४ अंश असले तर उन्हातील दगडाचे त्याहून पुष्कळच अधिक असते. अंड्यातील जिवाला सामान्यतः ३७-३८ अंशांची उष्णता मानवते. ती चाळिशीपलीकडे गेली आणि काही काळ तशीच राहिली तर कवचाच्या आतच त्याचा अंत होतो. म्हणून ह्या दिवसांत टिटवी अंड्यांवर बसते ती त्यांना तापवण्यासाठी नव्हे, त्यांच्यावर सावली धरण्यासाठी. भर दुपारी ती पंख किंचित पसरून, चोच उघडी टाकून, स्वतः धापा टाकीत अंड्यांवर छत्रासारखी उभी राहते. जवळ पाणी असेल तर नर आणि मादी आळीपाळीने जाऊन पोटाची पिसे भिजवून येतात आणि त्या ओलाव्याने अंडी गार ठेवतात. सुमारे चार आठवडे हे व्रत चालते.

पखुर्डीची रीत ह्याहूनही विलक्षण आहे. मध्य भारतातील खडकाळ झुडपी रानांत राहणारे हे कबुतराएवढे पाखरू. पखुर्ड्यांच्या जातीतील नर कोसच्या कोस उडून पाणवठ्यावर जातो, छातीची पिसे पाण्यात भिजवतो आणि ते पाणी तसेच पिसांत धरून पिलांकडे परततो. पिले त्या पिसांतून पाणी ओढून पितात. १८९६ साली मीड-वॉल्डो ह्या इंग्रज गृहस्थांनी पाळलेल्या पक्ष्यांवरून हे प्रथम लिहिले तेव्हा कित्येकांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. पुढे १९६७ साली केड आणि मॅक्लीन ह्या शास्त्रज्ञांनी आफ्रिकेतील कलहारीच्या वाळवंटात निरीक्षणे करून ती गोष्ट निःसंशय खरी असल्याचे दाखवून दिले.

आता पुन्हा त्या पायवाटेकडे वळू. सकाळचे साडेनऊ वाजले आहेत. डोंगराच्या माथ्यावर मंडळी न्याहारीसाठी बसली आहेत आणि कुत्रा मोकळा सोडलेला आहे. टिटवी ओरडत उठते. ती लंगडल्यासारखी करते, पंख मोडल्याचे सोंग आणते आणि कुत्र्यास आपल्या मागे दूर नेते. मुलांना मौज वाटते. कुत्र्याला काहीच मिळत नाही. तो जीभ काढून परत येतो. सर्व काही निर्दोष वाटते. परंतु जोपर्यंत तो कुत्रा त्या माथ्यावर हिंडत आहे तोपर्यंत टिटवी खाली बसणार नाही. अर्ध्या तासाची न्याहारी, तासाभराची विश्रांती, मग थोडी छायाचित्रे. तितका वेळ ती चार अंडी उन्हात उघडी पडलेली असतात. मंडळी संतोषाने घरी परततात. टिटवीही आपल्या जागेवर परतते आणि पुढे कित्येक दिवस त्या अंड्यांवर बसून राहते. ती फुटणार नाहीत, हे तिला कळत नाही.

कोणी म्हणेल, हा तर्क झाला; प्रत्यक्ष प्रमाण काय? प्रमाण आहे. २००७ साली ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराच्या परिसरातील रानांत बँक्स आणि ब्रायंट ह्या दोघा शास्त्रज्ञांनी ९० ठिकाणी एक साधा प्रयोग केला. काही पायवाटांवरून माणूस कुत्र्यासह गेला, काहींवरून केवळ माणूस गेला, आणि काही पायवाटा तशाच रिकाम्या ठेवल्या. नंतर पाखरे मोजली. कुत्रा जेथून गेला तेथे पाखरांच्या जातींची विविधता ३५ टक्क्यांनी आणि त्यांची संख्या ४१ टक्क्यांनी घटलेली आढळली. केवळ माणूस गेल्याने होणारी घट ह्याच्या निम्म्याहून कमी होती. जमिनीवर वावरणाऱ्या पाखरांवर परिणाम विशेष दिसला. ह्यात लक्षात ठेवण्याच्या दोन गोष्टी आहेत. पहिली ही की हे सर्व कुत्रे साखळीला बांधलेले होते. दुसरी ही की जेथे रोज कुत्रे फिरतात तेथील पाखरेही त्यांना सरावलेली नव्हती. तेव्हा पाखरे पाहावयास निघालेला गृहस्थ कुत्रा बरोबर नेतो म्हणजे जे पाहावयाचे तेच पुढे हाकलीत जातो. हे म्हणजे मासे धरावयास निघालेल्याने आधी डोहात धोंडे टाकण्यासारखे झाले.

मोकळ्या कुत्र्याने होणारा अनर्थ किती मोठा असू शकतो ह्याचे उदाहरण न्यूझीलंडमधील आहे. तेथील वैतांगी नावाच्या रानात १९८७ साली एक एकटा कुत्रा काही आठवडे भटकत होता. कीवी हा उडू न शकणारा पक्षी तेथे सुमारे ९०० च्या संख्येने असावा. अभ्यासासाठी २४ कीवींच्या अंगावर बिनतारी यंत्रे बसवलेली होती. त्यांतील १३ मेलेले आढळले. त्यावरून हिशेब करता त्या एका कुत्र्याने सुमारे ५०० कीवी मारले असावेत, असा अंदाज टाबोर्स्की ह्या संशोधकाने मांडला.

परंतु न्याय करावयाचा तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच न्यूझीलंडमध्ये १८९४ साली रिचर्ड हेन्री नावाच्या गृहस्थाची रेझोल्यूशन बेटावर पाखरांचा राखणदार म्हणून नेमणूक झाली. मुख्य भूमीवर काकापो आणि कीवी ही न उडणारी पाखरे नष्ट होत चालली होती. ती शोधून सुरक्षित बेटांवर नेऊन सोडावयाची, असे त्याचे काम होते. दाट रानात लपलेली निशाचर पाखरे माणसाला सापडणार कशी? ती शोधून काढली त्याच्या कुत्र्याने. मात्र त्या कुत्र्याच्या तोंडाला जाळी बांधलेली असे. जे नाक पाखरांचा घात करते तेच नाक शिस्तीत राहिले तर त्यांचे रक्षणही करते. दोष नाकाचा नाही. ते मोकळे सोडणाऱ्या हाताचा आहे.

चिखल्याच्या आसमंतातील गावकरीही कुत्रे बाळगतात. मोहफुले वेचावयास किंवा तेंदूपाने तोडावयास पहाटे रानात जाणाऱ्या मंडळींच्या मागे एखादा कुत्रा असतो, गुराख्याच्या पायाशी तर असतोच. ज्याचे पोट रानावर आहे, त्यास अस्वल-बिबट्याची चाहूल देणारा सोबती लागतो. त्याची गरज आणि शहरी गृहस्थाची हौस ह्यांना एकाच तराजूत तोलणे योग्य होणार नाही. हौसेला मुरड घालता येते. म्हणूनच ती घालण्याची जबाबदारी हौस करणाऱ्यावर अधिक आहे.

आणि हा प्रश्न एकट्या पाखरांचा नाही. कुत्र्याच्याही हिताचा आहे. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगास घाम येत नाही. पंजांच्या तळव्यांतून येतो तो नाममात्र. अंगातील उष्णता बाहेर टाकण्यास त्याच्यापाशी मुख्य साधन एकच, जीभ बाहेर काढून धापा टाकणे. भोवतालची हवाच जेव्हा रक्ताहून अधिक तापलेली असते तेव्हा हे साधनही अपुरे पडते. त्यातून कुत्र्याचा स्वभाव असा की धनी चालत आहे तोवर तो थांबावयाचा नाही. दमलो असे तो सांगत नाही, एकदम कोसळतो. चपट्या नाकाच्या जातींना तर हा धोका फारच. तापलेल्या खडकावर त्याचे तळवे पोळतात, ते निराळेच.

दुसरे भय बिबट्याचे. चिखल्याकडील रान हे पेंच आणि नागझिरा ह्यांच्या दरम्यानच्या जंगलपट्ट्यात येते, आणि अशा पट्ट्यांतून मोठी जनावरे ये-जा करीत असतात. पश्चिम महाराष्ट्रात अकोले तालुक्यात बिबट्याच्या आहाराचा शास्त्रीय अभ्यास झाला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या मानाने सर्वांत मोठा वाटा, म्हणजे ३९ टक्के, कुत्र्यांचा आढळला. बिबट्याच्या दृष्टीने घरचा लाडका कुत्रा म्हणजे केवळ शिकार होय. ह्याच्या उलट कुत्र्यापासून रानातील जनावरांनाही अपाय पोहोचतो. १९९४ साली आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या रानात ‘डिस्टेंपर’ नावाच्या कुत्र्यांच्या रोगाने तेथील सिंहांपैकी सुमारे एक तृतीयांश सिंह दगावले. तो रोग आसपासच्या वस्तीतील पाळीव कुत्र्यांकडून आला असावा, असा शास्त्रज्ञांनी निष्कर्ष काढला.

कायद्याचाही विचार येथे अप्रस्तुत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात ‘शिकार’ ह्या शब्दाची जी व्याख्या केली आहे तीत पाखरांच्या अंड्यांस इजा करणे, अंडी वा घरटी विस्कटणे ह्यांचाही समावेश होतो. बंदूक हाती न घेताही माणूस शिकारी ठरू शकतो, हे पुष्कळांच्या ध्यानी नसते. राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्ये ह्यांत घरचा कुत्रा नेण्यास मनाई असते, ती ह्या सर्व कारणांसाठीच.

एवढे ऐकल्यावर कोणा कुत्र्यावर माया करणाऱ्यास महाभारतातील महाप्रस्थानाची आठवण होईल, आणि ती रास्तच आहे. डोंगर चढणारा माणूस आणि त्याच्या पायाशी चालणारा कुत्रा ह्यांचे आपल्या वाङ्मयातील सर्वांत थोर चित्र तेच. द्रौपदी पडली, चौघे भाऊ पडले, शेवटपर्यंत धर्मराजाच्या मागे राहिला तो कुत्रा. स्वर्गाचा रथ दाराशी आला आणि इंद्राने सांगितले, कुत्र्याला सोडून ये. तेव्हा धर्मराजाने रथ नाकारला, कुत्रा नाकारला नाही. मग कुत्र्याला घरी ठेवून डोंगरावर जाणे हा त्याचा त्याग नव्हे काय?

नव्हे. धर्मराजाने धरले ते तत्त्व कोणते? जो आपल्या भरवशावर आहे आणि ज्याला दुसरा आधार नाही, त्यास स्वतःच्या सुखासाठी टाकू नये, हे. घरात सावलीत, पाण्याचे भांडे जवळ ठेवून, प्रेमळ माणसाच्या हवाली केलेला कुत्रा टाकलेला नसतो. उलट भर वैशाखात आपल्या करमणुकीसाठी त्यास तापल्या खडकावरून चालवणे, हेच त्याच्या भरवशाचा गैरफायदा घेणे आहे. आणि त्या खडकावर चार मातकट अंड्यांवर सावली धरून उभी राहिलेली टिटवी, तिलाही पळून जाण्यास आकाश मोकळे असताना ती पळत नाही. तिची अंडी त्या घटकेला येणाऱ्या-जाणाऱ्याच्या विवेकाच्या भरवशावर असतात. धर्मराजाचे तत्त्व कुत्र्याला लागू पडते तसे तिलाही पडते.

तेव्हा करावे काय? उपाय कठीण नाहीत. मार्चपासून पावसाळा संपेपर्यंत, म्हणजे विणीच्या दिवसांत, डोंगरमाथ्यावर, माळावर आणि पाणवठ्याजवळ कुत्रा नेऊ नये. फिरवावयाचाच तर गावाजवळच्या गाडवाटेवर, सूर्य वर येण्यापूर्वी, आखूड पट्ट्याने आणि पाणी बरोबर घेऊन फिरवावा. त्यास रोगप्रतिबंधक लस वेळच्या वेळी टोचून घ्यावी. पुढे डोंगर चढावयाचा तो कुत्र्यावाचून. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली म्हणजे तिचे घरटे पाहण्याचा मोह आवरावा आणि आल्या पावली मागे फिरावे. मुलांना घरटे दाखवण्यापेक्षा ते न पाहता परत फिरण्याचे कारण सांगावे. त्या एका धड्यात पुस्तकी सृष्टिज्ञानाच्या दहा धड्यांचे सार आहे.

पक्षिनिरीक्षणाची खरी कला चालण्यात नसून बसण्यात आहे, हेही सांगितले पाहिजे. ह्याच भंडारा जिल्ह्यात, आज गोंदिया जिल्ह्यात मोडणाऱ्या नवेगाव बांधच्या परिसरात, मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) ह्यांनी वनाधिकारी म्हणून दीर्घकाल वास्तव्य केले आणि रानातल्या माणसांकडून पाखरांची नावे, सवयी, समजुती गोळा करून मराठी वाचकांच्या हाती दिल्या. मराठीत पाखरांना आज जी नावे आपण सहजपणे वापरतो त्यांतील कित्येकांमागे असे श्रम आहेत. असे ज्ञान घाईने धावणाऱ्याला लाभत नाही.

चिखल्याच्या टेकडीखाली एखाद्या नाल्यात कोंडलेले डबके असेल, त्यापासून वीस-पंचवीस पावलांवर ऐनाच्या बुंध्याशी पाठ टेकून, मळकट रंगाचे कपडे घालून, पहाटे साडेपाचपासून आठपर्यंत जो कोणी नुसता बसून राहील, त्यास जे दिसेल ते चार कोस चालणाऱ्यास दिसणार नाही. प्रथम सातभाई कलकलाट करीत येतील आणि पाचोळा उलथापालथा करतील. मग होल्यांची जोडी येऊन पाणी पिईल. तित्तिर पिलांची रांग घेऊन झुडपाबाहेर पाऊल टाकील, थांबेल, कानोसा घेईल. स्वर्गीय नर्तक वरच्या फांदीवरून पाण्यावर सूर मारील आणि शुभ्र रेघ ओढल्यासारखा पुन्हा वर जाईल. ह्यांपैकी एकही जण कुत्र्याच्या वासाच्या टापूत आला नसता.

मृग नक्षत्राची पहिली सर पडते तेव्हा डोंगरावरच्या दगडांतून टिटवीची पिले चालू लागतात. अंड्यातून बाहेर आल्यावर काही तासांतच ती आपल्या पायांनी आईच्या मागे धावतात आणि तिने इशारा देताच जागच्या जागी दबून खडा होऊन राहतात. नवरंगाची शीळ नाल्यातून ऐकू येते, आणि तिकडे गावात बियाणे पेरण्याची लगबग सुरू होते. वैशाखात त्या वाटेने कोणी गेले की नाही, गेले तर कसे गेले, ह्याचा हिशेब ह्या पिलांच्या संख्येत लिहिलेला असतो. चार अंडी आणि चार पिले हा मेळ जमणे वा बिघडणे पुष्कळदा एका साखळीवर आणि ती धरणाऱ्या हातावर अवलंबून असते.